नातीच्या नावाबद्दल, मस्कतहून

मस्कत, १४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. बोलून उत्तर द्यायला बसले की मध्येच कुणीतरी दार वाजवतं, म्हणून लिहूनच पाठवते. भाऊजींना वाचून दाखव, आणि आत्याबाईंनाही. सगळ्यांत अवघड प्रश्न त्यांचाच आहे.

तर सूनबाईंना मोबाइलच्या अ‍ॅपवर ‘आर्वा’ सापडलं. अर्थ ‘टवटवीत, सुंदर’, मूळ ‘संस्कृत’. मग कुणीतरी सांगितलं की हे अरबी आहे, आणि बाळाच्या पाळण्याभोवती वाद पेटला. तुम्हाला वाटलं, ही इथे अरबांच्या देशात शाळेच्या कचेरीत प्रवेशाचे अर्ज तपासते, हिला माहीत असणार. माहीत आहे, कारण आमच्याकडे अरबी शिकवणारी माझी मैत्रीण येमेनमधल्या इब्बची आहे आणि या नावाचा विषय काढला की तिचा चहा गार होतो.

नाव अरबीच आहे. उच्चार ‘आर्वा’ नव्हे, ‘अर्वा’. पहिला अ ऱ्हस्व, शेवटचा आ लांब. आणि अर्थ, बसून ऐक, रानबकऱ्या. उंच कड्यांवर राहणारी जी रानबकरी असते, तिच्या मादीला जुन्या अरबीत ‘उर्विय्या’ म्हणतात. मोजक्या दिसल्या तर त्या ‘अरावी’ आणि मोठा कळप असेल तर ‘अर्वा’. मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा मी फार हसले. मग तिने विचारलं की तुमच्यात मुलींना मैना, सारिका, कोकिळा, मयूरी म्हणत नाहीत का? गप्प बसले.

अरबांत तर ही सरसकट रीत. रीम म्हणजे पांढरं हरीण, रशा म्हणजे हरणाचं पाडस, महा म्हणजे मोठ्या डोळ्यांचं वाळवंटी काळवीट. इथल्या पेट्रोल पंपांच्या एका कंपनीचंच नाव ‘अल महा’ आहे. मुलांत फहद म्हणजे चित्ता, असद म्हणजे सिंह. पण हरणीच्या नावांत डोळ्यांचं, नाजूकपणाचं कौतुक असतं. अर्वाचं तसं नाही. ही बकरी आपल्याला चढायला दोर लागेल अशा कड्यावर पिल्लाला घेऊन उभी असते. नराची शिंगं मागे वळत जवळजवळ मीटरभर वाढतात, मादीची बारीक आणि आखूड. इथे ओमानमध्ये दक्षिणेला धोफारच्या डोंगरांत अजून आहेत. येमेनमध्ये इस्लामच्या कितीतरी आधीपासून हा प्राणी पवित्र मानत. तिथल्या जुन्या देवळांच्या दगडी पट्ट्यांवर त्याच्या रांगाच्या रांगा कोरलेल्या आहेत.

अ‍ॅपवाल्यांचा ‘टवटवीत’ कुठून आला, तेही विचारलं. र-व-य या धातूचा अर्थ पोटभर पाणी पिऊन तहान भागणं. त्यावरून कुणी ‘तृप्त’ म्हणतं, कुणी ‘ताजी’, आणि अशा याद्यांत पुढे प्रत्येक मुलगी सुंदर होतेच. त्यामुळे अगदीच हवेतलं नाही; पण विचारशील तर मी बकरीच्या बाजूने आहे. संस्कृतचं म्हणशील, तर गंमत अशी की तिथेही शब्द आहेच! अर्वन् म्हणजे घोडा. अमरकोशात घोड्याच्या नावांत वाजी, वाह यांच्या शेजारीच बसलाय, आणि प्रथमेच्या एकवचनात होतो ‘अर्वा’. म्हणजे संस्कृत म्हणून ठेवलंत तर मुलीला घोडा म्हणाल, तोही नर. त्यापेक्षा अरबी बरं. (आर्वी हवं असेल तर ते वर्धा जिल्ह्यातलं गाव. ते नाव आता घरोघरी आहे, सूनबाईंना नको असणार.)

आता मुख्य गोष्ट. हे नाव टिकलं ते बकरीमुळे नाही, एका राणीमुळे. अर्वा बिंत अहमद, येमेनच्या सुलैही घराण्यातली. लहानपणीच पोरकी झाली आणि राजवाड्यात वाढली. तिला वाढवलं अस्मा बिंत शिहाबने, जी पुढे तिची सासू झाली. ही सासूही साधी बाई नव्हे, राज्यकारभारात मुरलेली. नवरा अर्धांगाने अंथरुणाला खिळला आणि कारभार अर्वाकडे आला, तो ११३८ साली ती गेली तेव्हाच सुटला. वय नव्वदीच्या घरात. पन्नासहून अधिक वर्षं तिने राज्य केलं. शुक्रवारच्या नमाजाच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, राज्यकर्त्याचं नाव घेतात, तिथे या बाईचं नाव घेतलं जायचं. अहिल्याबाईंच्या सहाशेहून जास्त वर्षं आधी!

तिची एक गोष्ट उमारा नावाच्या जुन्या येमेनी इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. राजधानी तेव्हा सना. अर्वाने नवऱ्याला सांगितलं, शहरातल्या लोकांना वाड्यासमोर बोलाव आणि खाली बघ. बघतो तो तलवारी आणि भाले लखलखताहेत. मग जिब्ला नावाच्या गावी गेल्यावर तसंच बोलवायला लावलं. तिथे कुणी मेंढा ओढत आणलेला, कुणाच्या हातात तुपाचं भांडं, कुणाकडे मध. ती म्हणाली, या कष्टाळू माणसांत राहणं बरं. राजधानी जिब्लाला हलली. ती गाडली गेली तीही तिथेच, तिच्या मशिदीत. इब्बहून जिब्ला अगदी जवळ आहे, म्हणून माझी मैत्रीण हे सगळं आपल्या आजीबद्दल सांगावं तसं सांगते.

आत्याबाईंना हे आवर्जून सांग: या राणीचा आणि आपल्या पुण्याच्या बोहरी आळीचा संबंध आहे. भाऊजी जिथून रंगाचे डबे आणि दोर आणतात तीच. ११३० साली कैरोच्या फातिमी खलिफाचा खून झाला, तेव्हा अर्वाने त्याच्या तान्ह्या मुलाचा, तय्यिबचा, पक्ष धरला. इमाम, म्हणजे त्या पंथाचे धर्मप्रमुख, लोकांसमोर नसताना समाज सांभाळायला ‘दाई’ची, म्हणजे इमामाच्या प्रतिनिधीची, गादी तिच्याच आधाराने उभी राहिली. ती सोळाव्या शतकात येमेनहून गुजरातेत आली आणि पुढे मुंबईत. दाऊदी बोहरा तीच गादी मानतात. म्हणून बोहरा घरांत अर्वा हे नाव अजून ऐकू येतं. सूनबाईंना वाटतंय तितकं ते आपल्याकडे नवं नाही.

तू विचारलंस, तिकडे कितीजणी ठेवतात. माझ्यासमोर येणाऱ्या अर्जांत मरियम आणि फातिमा कधी संपत नाहीत. हल्लीच्या आयांना लयान, जूरी अशी सुटसुटीत नावं आवडतात. अर्वा क्वचित. आली की बहुधा मूळ येमेनचं घर निघतं. तिथे नाव चांगलंच चालतं, राणीच्या नावाचं विद्यापीठही सनामध्ये आहे. २०१४ मध्ये येमेनच्या संस्कृतिमंत्री झालेल्या बाईंचं नाव अर्वा उस्मान. आणि नाव जुनं म्हणजे किती जुनं? पैगंबरांच्या एका आत्याचं हेच, आणि तिसरे खलिफा उस्मान यांच्या आईचंही. तेव्हा अप्रसिद्ध म्हणता येत नाही. कमी ठेवलं जातं एवढंच. वर्गात चार अर्वा होणार नाहीत, सूनबाईंना तेच हवंय ना?

आता ‘मुसलमानी नाव आपल्या घरात कशाला’. आत्याबाईंशी मी कधी वाद घातला नाही, पत्रातून धीर येतो म्हणून लिहिते. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आत्याबाईंच्या माहेरच्या वंशावळीत दौलतराव आहेत, हैबतराव आहेत. दौलत आणि हैबत दोन्ही अरबी. त्यांना कुणी परकं म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच की ठेवायचं तर खरं काय ते ठाऊक असून ठेवा. पोर दहा वर्षांची झाल्यावर अर्थ विचारेल तेव्हा अ‍ॅपचं ‘टवटवीत’ सांगू नका. रानबकरी आणि राणी, दोन्ही सांगा. मला तरी नाव आवडलंय. सूनबाईंचं मन खट्टू झालं असेल तर त्यांना सांग की मावशीसासूबाई तुमच्या बाजूने आहेत.

लिहायचं कसं, तेही बघा. अरबीत चार अक्षरं आहेत, अलिफ, रा, वाव आणि शेवटी ठिपके नसलेला या, आणि चौघांतलं एकही पुढच्याला जोडलं जात नाही; चौघं आपापली सुटी उभी. मराठीत मात्र ‘अर्वा’ लिहा, ‘आर्वा’ नको. जन्मदाखल्यासाठी घाई करू नका. नाव नंतरही घालता येतं, वर्षाच्या आत फी पडत नाही. पण एकदा जे स्पेलिंग घालाल तेच आधारला आणि पासपोर्टला ठेवा; तीन कागदांवर तीन तऱ्हा असल्या की काय होतं ते मी रोज बघते.

बारशाला यायला जमेलसं दिसत नाही, परीक्षांचे दिवस आहेत. बाळाच्या धुरीसाठी सलालाचा लोबान आणि खजूर पुढच्या आठवड्यात ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते. लोबान निखाऱ्यावर चिमूटभरच टाका, तुझ्या ऊदाच्या मापाने नको. मत्राच्या बाजारात एका सोनाराकडे चांदीची वाटी बघून ठेवलीय, तिच्यावर नाव कोरायचंय. तेव्हा तुमचं काय ठरतंय ते गुरुवारपर्यंत कळव. आत्याबाई अडून बसल्याच तर वाटी कोरी पाठवते.

भाऊजींना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी,
धाकटी