आउग्सबुर्गच्या फुगेराय वस्तीतल्या त्या सर्वांचे आभार

जर्मनीतल्या आउग्सबुर्गला आईला घेऊन फुगेराय पाहायला गेलो होतो. याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने १५२१ साली शहरातल्या गरजू कॅथलिक लोकांसाठी स्थापन केलेली ही वस्ती. आजही तिथे माणसं राहतात. वर्षाचं मूळ घरभाडं अवघं ८८ सेंट, आणि देणगीदारासाठी रोज तीन प्रार्थना. आम्ही दिवसभर लोकांच्या दारातच फिरत होतो, पण कुणाच्या कपाळावर आठी दिसली नाही. याचं मला फार मोल वाटतं.

आईचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा तिकीट खिडकीवरच्या ताईंनी न मागता आतून खुर्ची आणून दिली.

निळ्या स्वेटरमधल्या आजींचे आभार तर कोणत्या शब्दांत मानू! आईचा हात धरून त्यांनी तिला दारांवरच्या घंटांच्या लोखंडी मुठी दाखवल्या. एकीला तीन पाकळ्यांचं पान, दुसरीला पाइनचं बोंड. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळी अंधारात चाचपून आपलं दार ओळखता यावं, म्हणून प्रत्येकीचा घाट निराळा. आई मराठीत विचारत होती, आजी जर्मनमध्ये सांगत होत्या, आणि दोघींचं छान जमलं होतं.

फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वस्तीचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. तिथल्या बंकरमध्ये त्याचं प्रदर्शन आहे. त्याच्या पायऱ्या उतरताना आईला आधार देणाऱ्या आणि आम्ही वर येईपर्यंत थांबलेल्या तरुणाचेही मनापासून आभार.

तिकडे कुणी गेलात आणि त्या आजी भेटल्या, तर आमचा नमस्कार नक्की सांगा.