गच्चीवरच्या हवामान केंद्राचा स्टँडही निविदेत लिहा

महोदय,

चिपळूणजवळ माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड हे रोजचे काम. जुलै २०२१ च्या महापुरानंतर त्यात एका नव्या कामाची भर पडली. शाळा, सोसायट्या आणि काही बागायतदार आपापल्या गच्चीवर छोटे हवामान केंद्र, म्हणजे पाऊस, वारा आणि तापमान मोजणारे यंत्र, बसवून घेऊ लागले आहेत. वाशिष्ठीकाठच्या माणसाला आपल्या वाडीत पाऊस किती पडला, हे आता स्वतः पाहायचे असते. त्याचे मला मनापासून कौतुक वाटते, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे दरपत्रकासाठी जो कागद येतो, त्यावर यंत्राचे वर्णन भरपूर असते. सेन्सर, बॅटरी, सोलर पॅनेल, सिमकार्ड, वॉरंटी, सगळे काही. खाली शेवटी तीन शब्द असतात : ‘पाइप व स्टँडसह’. पाइप किती इंची, कोणत्या क्लासचा (म्हणजे किती जाडीचा), पायांचा पसारा किती, वजन किती, गंज लागू नये म्हणून काय करायचे, याबद्दल एक अक्षर नसते. मग जो सगळ्यात स्वस्तात पाइप उभा करून देईल त्याला काम मिळते, आणि इतके महागाचे यंत्र त्याच्या भरवशावर कोकणच्या पावसात उभे राहते.

गेल्या वळवाच्या वादळात एका शाळेच्या गच्चीवरचा असाच पाइप आडवा झाला. मला बोलावले तेव्हा पाहिले, तर बेसप्लेट गच्चीला पकडून ठेवणारे चारही बोल्ट, म्हणजे अँकर फास्टनर, मुळासकट उपटून आले होते. ज्याने ते बसवले त्याने ड्रिल मारताना खाली काय आहे याचा विचारच केलेला नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. नेहमीच्या लांबीचा फास्टनर त्या कोब्यातच संपतो, खालच्या काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. विटेचा तुकडा आणि चुरा पकडून तो काय तग धरणार? शिवाय कोब्याला भोक पडले की त्यातून शिरलेले पाणी आतल्या आत फिरते आणि भलतीकडेच गळते. त्या शाळेत पाइप होता जिन्याच्या बाजूला आणि ओल आली होती चौथीच्या वर्गात. सिलिकॉन भरून हे थांबत नाही. कोबा फोडून पुन्हा करावा लागतो, आणि तो खर्च यंत्राच्या खर्चात कुणी धरलेला नसतो.

म्हणून माझे ठाम मत आहे की गच्चीला भोक पाडूच नये. तीन पायांचा स्टँड करावा, पायांना अँगलचे ट्रे जोडावेत आणि ट्रेमध्ये काँक्रीटचे भरीव ठोकळे ठेवावेत. जांभ्याचे चिरे चालतात, फक्त ते कोरडे असताना वजन करून घ्यावे. ट्रेखाली जाड रबर घालावे म्हणजे कोबा घासत नाही. पाय पाणी जाण्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत आणि जमेल तेवढे बीमच्या रेषेवर ठेवावेत.

वजन किती, हा खरा प्रश्न, आणि तिथेच सगळे अंदाजपंचे चालते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा एका चौरस मीटरवर सुमारे १२ किलो भार येतो, १०० च्या वाऱ्याचा ४७ किलो. दीड इंची पाइप, दहा फूट उंची आणि वर छोटे यंत्र असा हिशेब मी धरतो. दोन पायांतले अंतर चार फूट असेल, तर ताशी १०० च्या वाऱ्यात हा स्टँड जेमतेम उभा राहायलाच ७० किलोच्या आसपास वजन लागते. अंतर सहा फूट केले तर तेच काम ४५ ते ५० किलोत होते. म्हणजे पसारा वाढवणे सगळ्यात स्वस्त. मी सहा फुटांचा पसारा आणि किमान दीडशे किलो वजन यांखाली जात नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, तेव्हाचा वारा ताशी शंभराच्या वर होता. त्यानंतर मंडणगड-दापोलीकडे छपरांच्या कामाला गेलो होतो. तिथे वाकलेल्या पाइपांचे जे ढीग पाहिले, त्यानंतर दीडशे किलो मला जास्त वाटत नाहीत.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. तीन पायांचा स्टँड कलंडतो तो दोन पायांच्या मधल्या बाजूवर. पावसाळी वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून एक पाय ईशान्येला यावा. तेवढ्याने त्या वाऱ्याला बराच जास्त आधार मिळतो. वळवाचा वारा मात्र कुठूनही येतो, त्यामुळे वजनात काटकसर करू नये.

पाइप जीआय (जस्ताचा थर दिलेला) आणि बी क्लासचा, म्हणजे मध्यम जाडीचा घ्यावा. वेल्डिंग केले की तिथला जस्ताचा थर जळतो, तिथे झिंकचा रंग दिलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. पाइपाचे वरचे तोंड बंद करावे. केबल बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतात, त्या उन्हाने तडकतात. स्टीलचे क्लॅम्प लावावेत. आणि आमच्याकडची माकडे विसरू नका. पाइप दिसला की त्यावर उडी ठरलेली. नट ढिले होतात, यंत्र फिरते आणि उत्तर दिशा चुकते, मग वाऱ्याची दिशा महिनाभर खोटी नोंदली जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पाइप हलत राहिला तर पर्जन्यमापकातले पाण्याने कलंडणारे छोटे पात्र नुसत्या हादऱ्यानेही कलंडते आणि न पडलेला पाऊस मोजला जातो.

पावसाच्या मापाबद्दल तर शाळांतल्या शिक्षकांनी जरूर विचार करावा. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असते, आणि जवळचा अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा असतो. गच्चीवर कठड्याला आपटून वारा वर उसळतो आणि थेंब मापकावरून उडून जातात. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवले तर आकडा आणखी घसरतो. तापमानही तापलेल्या स्लॅबमुळे दुपारी जास्तच दाखवते. वारा मोजायला गच्ची चांगली आहे. पर्जन्यमापक मात्र वेगळा मिळत असेल तर मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यात कुंपण घालून ठेवावा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. त्यासाठी सरकारी केंद्राचीच नोंद चालते हे खरे, पण गावाने ती नोंद ताडून पाहायची म्हटली, तर आपला आकडा बरोबर असायला नको का?

सगळ्यात महत्त्वाचे विजेचे. गच्चीवरचा पाइप म्हणजे इमारतीतले सर्वात उंच लोखंड, आणि कोकणात विजा कडाडतात त्या मुख्यतः पावसाआधी आणि ऑक्टोबरात. जीआय पट्टी सरळ, तीव्र वळणे न घेता खाली अर्थिंगपर्यंत न्यावी आणि हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. पाइप कुठल्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, एवढे अंतर सोडूनच जागा निवडावी. अँटेना बसवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. उभा पाइप हातात धरून गच्चीवर वावरताना वरच्या तारेकडे लक्ष नसणे म्हणजे जिवाशी गाठ. जागा अडचणीची असेल तर मी काम नाकारतो.

माझी मागणी एवढीच आहे. जिल्हा परिषद, नगर परिषदा आणि शाळा समित्या यांनी हवामान केंद्राच्या निविदेत स्टँडचे वेगळे पान जोडावे. पाइपाचा क्लास, पायांचा पसारा, ठोकळ्यांचे वजन, अर्थिंग आणि ‘गच्चीला छिद्र नको’ ही अट त्यात असावी. आगोटीच्या कामांत पन्हळी साफ करायला माणूस वर जातोच. त्याच वेळी नट घट्ट करणे आणि गंज पाहणे हेही देखभालीच्या करारात यावे. शाळांना मोजमापासह स्टँडचा नकाशा हवा असल्यास तो मी विनामूल्य काढून देईन. त्यावरून काम माझ्याकडेच करावे असे नाही, गावातला कुठलाही वेल्डर ते करू शकेल.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक, चिपळूण