मुकादम येण्याआधी सीताफळाचे पैसे हातात पडू द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न.

मी बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातली, बालाघाटाच्या डोंगरातली शेतकरी बाई. दोन एकर मुरमाड रान आणि उतारावर सीताफळाची झाडं. बरीचशी कुणी लावलेली नाहीत, आपसूक उगवलेली. शेळ्या पाल्याला तोंड लावत नाहीत, दुष्काळातही झाड तग धरतं. 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन, म्हणजे या भागाच्या नावाची सरकारी ओळख मिळाली, तेव्हा वाटलं होतं, आता आपल्या पाटीला मोल येईल.

पण साहेब, हे फळ कुणासाठी थांबत नाही. फळावरचे डोळे उघडले की तोडायचं, आणि तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते मऊ पडतं. फार थंडीत ठेवावं तर साल काळी पडते. म्हणून भाव ठरवतो तो गाडीवाला. मागच्या हंगामात पहाटे तोडलेल्या आठ पाट्यांपैकी तीन व्यापाऱ्यानं ‘बारीक माल’ म्हणून बाजूला काढल्या. जाताना त्या तीनही गाडीत चढवल्या. पैसे पाचाचेच दिले. मी भांडले, पण परत घरी आणून त्या फळांचं मी काय करणार होते?

याच दिवसांत, दसऱ्याच्या आसपास, ऊसतोडीची माणसं जमवणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेऊन दारात येतो. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यामुळे घरच उठतं. मागं राहतात म्हातारी माणसं, पोरांची शाळा तुटते, आणि झाडावरचं उशिराचं फळ पाखरांना जातं. सीताफळाचा पैसा वेळेवर आणि पुरता मिळाला, तर उचल कमी घेता येईल. काही घरांतली बाई तरी गावात राहील. माझी सगळी मागणी या एका गोष्टीसाठी आहे.

सीताफळाचा गर उकळला की कडवट होतो, म्हणून तो गोठवूनच ठेवावा लागतो. उणे 18 अंशांखाली तो कित्येक महिने टिकतो. आइस्क्रीमवाले, रबडीवाले तो घेतात. बारीक आणि डागी फळसुद्धा त्यात खपतं, म्हणजे माझ्या त्या तीन पाट्या वाया गेल्या नसत्या. बिया काढून गर सुटा करायचं काम आमच्या बचत गटातल्या बायका आजही करू शकतात. नाही तो गोठवणीचा कक्ष, आणि हंगामात न जाणारी वीज.

शासनाच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत एकट्याच्या लहान उद्योगाला 35 टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त 10 लाख. कागदावर चांगलं आहे. पण बाकीच्या रकमेसाठी बँकेत गेलं की तारणाचा प्रश्न येतो, आणि आमच्यातल्या बहुतेकींचं सातबाऱ्यावर नावच नाही. गटाच्या कर्जाला शासनानं स्वतः हमी द्यावी. वजन झालं की त्याच दिवशी खात्यात पैसे, हा नियम गर काढून गोठवणाऱ्या केंद्राला घालून द्यावा. मानांकनाचं नाव पेटीवर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, तिचं शिबिर गावात घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी नको. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रातली माणसं छाटणी आणि पिठ्या ढेकूण या किडीचा बंदोबस्त दाखवायला डोंगरात आली तर फळही मोठं होईल.

ऑगस्टअखेर पहिली फळं तोडायला येतात. तोवर धारूरच्या डोंगरात गर गोठवण्याचं निदान एक केंद्र सुरू करा. जागा आम्ही देतो, गर काढायला बायका तयार आहेत.

आपली,
बालाघाटातली एक सीताफळ उत्पादक