आई, क्लासला तुलाही यायचंय

रत्नागिरी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, "बाळंत व्हायला कसला गं क्लास?" असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इथे चौकशी केली तर बहुतेक ठिकाणी श्लोक, संगीत आणि आहार यांवरच भर. ते मला आवडतंच, पण कळा सुरू झाल्यावर काय करायचं, हे मला शिकायचं होतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारलं: शिकवणाऱ्या बाईंनी लेबर रूममध्ये काम केलंय का, सीझर करावं लागलं तर काय होतं ते सांगता का, आणि घरच्या माणसाला सोबत आणलं तर चालेल का? तिन्हींना हो म्हणणाऱ्या ताईंकडे नाव घातलं. त्या पूर्वी सिस्टर होत्या. व्यायामाचं डॉक्टरांनाही विचारून घेतलंय.

मागच्या रविवारी ताईंनी प्रत्येकीच्या मुठीत बर्फाचा खडा दिला नि घड्याळ लावलं. जोराची कळ साधारण मिनिटभर टिकते, तेवढा वेळ तो धरायचा. पहिल्यांदा माझे खांदे वर चढले, दात आवळले गेले. पुन्हा धरला तेव्हा जबडा सैल सोडून श्वास सावकाश सोडत राहिले, आणि तुमचे जावई मागून कमरेखाली तळव्याने दाबत होते. बर्फ तेवढाच गार, पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं, पण मिनिट निभावलं. दुखणार नाही असं ताई खोटं सांगत नाहीत. पण कळ ओसरते, दोन कळांमध्ये विसावा मिळतो, हे ठाऊक असलं की भीती कमी होते. भीतीने अंग आखडलं की दुखणंही वाढतं.

बाबा, हे तुमच्यासाठी. पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या कळा तासभर येत राहिल्या की निघा, असं सांगतात. बाळंतपणाला मी तुमच्याकडेच असणार, नि गुहागरहून चिपळूणचा दवाखाना गाठायचा तर आपल्याला त्याआधीच निघायला हवं. पाणमोट फुटली, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाटच पाहायची नाही. माझी तारीख ऐन पावसात आहे, आणि वाशिष्ठी नदी चढली की चिपळूणचं काय होतं ते जुलै २०२१मध्ये आपण पाहिलंय. गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. पाणी भरलं तर कुठे जायचं, तेही डॉक्टरांना विचारून ठरवू.

आई, माझ्या वेळी आत तुझ्याजवळ आपलं कोणी नव्हतं, हे तू एकदाच बोललीस. ते माझ्या मनातून जात नाही. २०१६मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत घरच्या बाईला राहू द्यायचं ठरवलं, तीही स्वतः बाळंतपणातून गेलेली हवी. खासगीत विचारावं लागतं. चिपळूणच्या डॉक्टरांनी हो म्हटलंय. सतत कोणी सोबत असलं तर कळांचा काळ थोडा कमी होतो, सीझरची शक्यताही घटते, असं अभ्यासांत दिसलंय. जावई रत्नागिरीहून वेळेत पोचतीलच असं नाही. माझ्याजवळ तूच असणार, आणि मला तूच हवी आहेस.

तेव्हा ओटीभरणाला याल ते रविवार धरून या. तवसाळहून फेरीबोटीने आलात तर चिपळूणचा वळसा वाचेल. कमरेला नेमकं कुठे नि किती दाबायचं, ते लिहून कळणारं नाही. ताई हात धरून शिकवतील. मी तुझं नाव सांगून ठेवलंय.

तुमची लेक