पाच किलोंसाठी इंजेक्शन कशाला?

वजन उतरवण्यासाठी मधुमेहाची इंजेक्शने घेण्याच्या वाढत्या प्रकाराविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील इशारा रास्तच आहे. ‘मौंजारो’ हे असे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आले आणि त्यानंतर काही महिन्यांतच ‘वेगोव्ही’. वजनासाठी ही औषधे बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती, हे सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून अधिक असलेल्यांसाठी आहेत. तो २७ ते ३० च्या दरम्यान असेल तर सोबत रक्तदाबासारखा आजार असावा लागतो. लग्नसराईआधी शालू नीट बसावा म्हणून चार-पाच किलो उतरवू पाहणाऱ्या धडधाकट मुली यात कुठेच बसत नाहीत. तरीही अशी एक मुलगी इंजेक्शनचे पेन फ्रिजमध्ये ठेवून दर रविवारी पोटावर टोचून घेताना मी पाहिली आहे. मळमळीने तिचे जेवण वरणाच्या वाटीवर आले होते.

‘वेगोव्ही’तील औषध सेमाग्लुटाइड, त्याच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात, चरबीच नव्हे. म्हणजे थोड्या किलोंसाठी औषध कायमचे मागे लागते, तेही हजारो रुपये महिना मोजून. डॉक्टरांनी चिठ्ठीवर बीएमआय लिहावा आणि औषध दुकानदारांनी तो पाहूनच पेन द्यावे, अशी सक्ती अन्न व औषध प्रशासनाने करावी.

– एक वाचक, ठाणे