शून्यच का, हे मुलांना सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीला वर्गसमीकरणांचे प्रकरण सुरू झाले की समीकरण सामान्य रूपात लिहा, म्हणजे सर्व पदे डावीकडे आणून उजवीकडे शून्य ठेवा, अशी सूचना मिळते. मुले ती निमूटपणे पाळतात. पण उजवीकडे शून्यच का, हे अनेक वर्गांत सांगायचे राहून जाते. हे फार मोठे नुकसान आहे असे मला वाटते.

क्ष(क्ष − ३) = १० हे समीकरण घ्या. कारण न समजलेला विद्यार्थी क्ष = १० किंवा क्ष − ३ = १० असे मांडून १० आणि १३ ही उत्तरे काढतो. दोन्ही चूक, कारण गुणाकार १० येण्यासाठी २ व ५, १ व १०, अर्धा व २० अशा अगणित जोड्या चालतात. गुणाकार शून्य असेल तर मात्र निदान एक अवयव शून्य असावाच लागतो, आणि हा गुण दुसऱ्या कोणत्याही संख्येत नाही. म्हणूनच १० डावीकडे आणून अवयव पाडले आणि (क्ष − ५)(क्ष + २) = ० असे लिहिले, की ५ आणि −२ ही मुळे, म्हणजे उत्तरे, हाती येतात. सूत्र पद्धतीतही उजवीकडचा १० तसाच उचलून स्थिरपद म्हणून वापरला, तर विवेचक (वास्तव मुळे आहेत की नाहीत हे सांगणारी ‘ब² − ४अक’ ही राशी) ९ − ४० = −३१ येतो आणि मुलगा ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहून मोकळा होतो; स्थिरपद −१० घेतले की तोच विवेचक ४९ होतो.

शून्यावाचून समीकरण सुटतच नाही, असे अर्थातच नाही. भास्कराचार्यांनी उद्धृत केलेल्या श्रीधराचार्यांच्या रीतीत अव्यक्ताची, म्हणजे अज्ञात संख्येची, पदे एका पक्षात व ज्ञात संख्या दुसऱ्या पक्षात ठेवूनच पूर्ण वर्ग केला जातो. मात्र ऋण पदे न मानणाऱ्या गणितज्ञ अल-ख्वारिझ्मीला नवव्या शतकात एकघाती व वर्गसमीकरणांचे मिळून सहा प्रकार करून प्रत्येकाची रीत वेगळी सांगावी लागली होती. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच ऋण संख्या आणि शून्य यांचे नियम दिले होते. तरी सर्व पदे एकीकडे आणून शून्याशी समान मांडण्याची पद्धत युरोपात सतराव्या शतकात, हॅरियट आणि देकार्त या गणितज्ञांच्या लेखनातून पुढे आली. त्या एका साच्यात सगळे प्रकार सामावले.

शिक्षकांना विनंती अशी, की सामान्य रूप फळ्यावर लिहिण्याआधी १० आणि १३ ही चुकीची उत्तरे मुलांकडूनच मूळ समीकरणात घालून पडताळून घ्यावीत. त्याला एक तासिका पुरते.

आपली,
एक गणित शिक्षिका, सातारा