शंकरपाळी

सोलापूर,
रविवार

प्रिय मंगे,

दिवाळीपासून तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, चुकलंच. गुडघे दुखतात, बाकी ठीक. पण परवा बालवाडीत जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पूर्वभागातला एक पोरगा आहे, घरी तेलुगू. चौरसाचा पुठ्ठा टोकावर उभा धरून मी विचारलं, "हे काय?" म्हणाला, "शंकरपाळी." मी चूक म्हणाले. सलग तीन दिवस चूक म्हणाले गं. चौथ्या दिवशी त्यानं तोंडच उघडलं नाही.

तेव्हा तुझी पिशवी आठवली. डी.एड.ला तू उशीच्या अभ्र्यात लाकडी तुकडे घालून आणायचीस आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "काय ही भातुकली!" आठवडाभर अबोला. (शेंगाचटणी मात्र माझ्याच डब्यातली खायचीस, भवाने!)

त्याला डोळे मिटायला लावले, दोन बोटं कडेवर ठेवून दिली. बोटं सरकली, कोपऱ्याशी अडली, वळली. "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु." मग डोळे उघडून त्यानं पुठ्ठा फिरवला, खाचेत टक्कन बसवला. "बाई, शंकरपाळी सरळ बसली की चौरस होते!"

डोळा अख्खा आकार एका झटक्यात चित्रासारखा उचलतो. बोटाला मात्र एकेक बाजू चालून जावी लागते. १९०७ साली रोममध्ये बालगृह काढणाऱ्या मॉन्टेसरीबाई हेच करून घ्यायच्या, कडेवरून बोटं आणि तुकडा ज्याच्या त्याच्या खाचेत. आपल्याकडे बालवाडी रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी आसपास मिळेल त्यातून साधनं केली. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं, वर्गात कधी आणलं नाही.

आणि तोच घोर लागलाय. अठरा वर्षं माझ्या भिंतीवर एकच तक्ता. त्यातला प्रत्येक त्रिकोण टोक वर करून बसलेला. उलटा किंवा लांबुळका त्रिकोण दाखवून "हा नाही" म्हणणारी किती पोरं मीच घडवली असतील? रात्री एकेकाचे चेहरे आठवतात.

काल घरची चादर नेली. पोरं तिच्यावर पालथी पडून उठावाच्या नक्षीवरून बोटं फिरवत होती. आडवे, उलटे, सगळे त्रिकोण सापडले. तक्ता काढून ठेवलाय.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? जावयांची बदली कुठे झाली?

पुठ्ठ्याचे कोपरे चार दिवसांत मऊ पडतात गं, बोटाला लागतच नाहीत. तुझा तो सुतार अजून काम करतो का? नाहीतर तो अभ्राच पाठव, तुकड्यांसकट.

तुझी,
शकू